दोरी सोडणारी

मिनेबद्दल आमच्या ताकिदानी गावात कुणी चांगलं बोलत नसे. तिलाही कुणाबद्दल चांगलं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे दोन्हीकडून फिट्टंफाट होती. कामाला बाई खमकी. बर्फ पडायच्या आधी तिच्या पडवीत मुळे वाळत टांगलेले असायचे, लाकडं रचलेली असायची, खिडक्यांना गवताच्या झडपा लागलेल्या असायच्या. पण तिनं तोंड उघडलं की समोरच्याचं काही खरं नसे. एकदा शेजारची नवी नवरी विचारायला आली, "काकू, लोणच्याला मीठ किती घालू?" तर म्हणाली, "तुझ्या सासूचं तोंड बंद होईल इतकं घाल." ती पोरगी पुन्हा त्या दाराला फिरकली नाही.

नवरा तोकुजी मात्र गावाचा लाडका. गाणारा, पिणारा, पिऊन रडणारा. आणि झाडं काढणारा. आमच्या वरच्या चुनखडी कड्याच्या फटीत शिंपाकू नावाचं झाड उगवतं, सुरूच्या जातीतलं. वारा, बर्फ आणि दरडी सोसून ते असं पिळवटतं की निम्मं खोड वाळून हाडासारखं पांढरं पडतं आणि उरलेल्या बोटभर जित्या सालीच्या जोरावर वरचा हिरवा झुबका जगत राहतो. शहरातले शौकीन असलं झाड कुंडीत लावतात, त्याच्यापुढे गुडघे दुमडून बसतात आणि उसासे टाकतात. तोकुजी दोराला लोंबकळून, पहारीनं खडक फोडून ते काढायचा, मुळांना ओलं शेवाळ आणि गवत गुंडाळायचा आणि पाठीवर बांधून गावात आणायचा. सगळं गाव बघायला जमायचं.

पुढचं गावाला दिसत नसे. ते मिनेला दिसायचं. पाणी तिनं घालायचं, उन्हातून सावलीत तिनं न्यायचं, रात्रीच्या थंडीला गोणपाट तिनं टाकायचं. आणि इतकं करून बहुतेक झाडं मरायची. शिंपाकूची खोड अशी की ते मेलं तरी कळू देत नाही. खाली मुळं कुजून गेलेली असतात, वर वर्षभर हिरवंगार.

"हिरवंय की अजून!" तोकुजी म्हणायचा.

"तुम्हीपण आहातच की अजून," मिने म्हणायची, "म्हणून काय जिवंत धरायचं?"

मग एक दिवस हिरवा रंग भुरका व्हायचा, आणि झाड न्हाणीच्या चुलीत जायचं. ते लाकूड जळताना इतका सुरेख वास येतो की आलेला पाहुणा म्हणायचा, "वहिनी, तुमच्याकडे अंघोळ म्हणजे देवळात बसल्यासारखं वाटतं."

"वाटणारच. नवऱ्यानं उभा कडा सोलून आणलाय आणि मी तो जाळतेय."

लोक हसत. मिने हसत नसे. ती नवरी होऊन आली तेव्हा अंगणातून मान वर केली की कड्यावर हिरवे ठिपके मोजता येत नव्हते. आता कडा बोडका होता. आपल्यापेक्षा कितीतरी पिढ्या जुनी झाडं आपण आपल्या हातानं चुलीत सारली, या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्याचा राग यायचा, आणि तितकाच स्वतःचा.

तोकुजी चोर नव्हता, हे मात्र त्याच्या शत्रूनंही कबूल केलं असतं. आमचा डोंगर सगळ्या घरांचा मिळून आहे. गवत, सरपण, रानभाजी कुणीही आणावी. पण त्याहून जास्त काही हवं असेल, म्हणजे आढ्यासाठी खोड किंवा कुंडीसाठी झाड, तर हेमंतात त्याला गवताची दोरी बांधायची आणि हिवाळाभर वाट बघायची. बर्फ वितळल्यावर दोरी जागेवर असली तर वस्तू तुमची. कुणाची हरकत असेल तर त्यानं दोरी सोडायची आणि डोंगरदेवीच्या देवळाच्या खांबाला नेऊन अडकवायची. कुणी सोडली, का सोडली, हे विचारायचं नाही. ओठावरही आणायचं नाही. आमचे पूर्वज भांडखोर होते आणि त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ही रीत घातली. तोकुजीनं जन्मात एक झाड दोरीवाचून काढलं नव्हतं. बाहेरगावचे चोर रात्रीत येऊन झाडं नेत, तेव्हा त्यांना सगळ्यांत घाणेरड्या शिव्या तोच द्यायचा.

महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. तोकुजीचा गुडघा गेला होता, दोरावर चढणं बंद झालं होतं. कड्यावर उरलंही काही नव्हतं. उरलं होतं ते एकच, ओढ्याच्या वर, कावळेखांदा म्हणतात त्या सोंडेवरचं मोठं झाड. तिथं चालत जाता येतं. इतकी वर्षं ते वाचलं, कारण ते एका माणसाच्या पाठीवर मावणारं नव्हतं. आता ओढ्यापर्यंत गाडीरस्ता झाला होता. नागोयाचा व्यापारी इमाइझुमी एकदा ते बघून आला आणि साकेचा पेला हातात तसाच धरून बसला.

"तोकुजीदादा," तो म्हणाला, "हे तोक्योच्या प्रदर्शनात मांडलं ना, तर खाली पाटी लागेल. ताकिदानीच्या तोकुजीनं काढलेलं झाड. तुम्ही मेल्यावरही लोक नाव घेतील."

तोकुजीच्या डोळ्यांत तिथल्या तिथं पाणी आलं. मिने पेले उचलत होती. "मेल्यावर कशाला," ती म्हणाली, "जिवंतपणी घेतात तेवढं बास नाही का?"

त्या हेमंतात त्यानं कावळेखांद्याच्या झाडाला दोरी बांधली. वसंतात बर्फ ओसरल्यावर मिने नेच्याचे कोंब खुडायला वर गेली. झाडाखाली टेकली, घाम पुसला, दोरीकडे बघितलं. काही ठरवून ती गेली नव्हती. पण हे झाड अंगणात येणार, आपण पाणी घालणार, ते वर्षभर हिरवं राहणार आणि मग एका संध्याकाळी पाहुण्यांना न्हाणीत छान वास येणार, हे तिला लख्ख दिसलं. तिनं गाठ सोडली. खाली येताना देवळाच्या खांबाला दोरी अडकवली आणि घरी येऊन कोंब उकळत टाकले. हरकत घ्यायचा हक्क गावातल्या सगळ्यांना होता. ती गावातलीच होती.

तोकुजीनं खांबावरची दोरी पाहिली आणि त्याचं गाणं थांबलं. विचारायचं नाही अशी रीत, म्हणून तो विचारेना. पण मनातल्या मनात तर्क लढवायला कुठल्या रीतीची बंदी नसते. त्याची सुई शेजारच्या हेसाकूवर जाऊन अडली. दोघांच्या छपरांवरचा बर्फ एकमेकांच्या अंगणात पडायचा, त्यावरून त्यांचं जुनं वाकडं होतं.

"हेसाकूच. दुसरा कोण?"

"कशावरून?" मिनेनं विचारलं.

"मला बघून हसला काल."

"तुम्हाला बघून सगळेच हसतात."

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रीत आहे, गप्प बसायचं, असं तिनं स्वतःला पटवलं. खरं म्हणजे तिला जिंकल्याचा आनंद झाला होता आणि तो एकटीनंच चाखायचा होता.

हेसाकूला नवीन आढं हवं होतं. पुढच्या हेमंतात त्यानं वरच्या रानातल्या एका सरळसोट झाडाला दोरी बांधली, तोकुजीनं कावळेखांद्याला पुन्हा बांधली. वसंतात दोन्ही दोऱ्या देवळाच्या खांबावर शेजारी शेजारी लटकत होत्या. एक मिनेनं सोडलेली. दुसरी कुणी सोडली हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या हिवाळ्यात हेसाकूचं छप्पर मधोमध बसलं होतं. त्यानं टेकू लावला होता आणि बायकापोरांना घेऊन तो गोठ्याशेजारी झोपत होता, या आशेवर की वसंतात आढं मिळेल.

वसंताची गावबैठक गावचा म्होरक्या सेएमोन म्हाताऱ्याच्या घरी होते. पुरुष चुलीभोवती, बायका मागे चहा आणि मुळ्याचं लोणचं घेऊन. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, रस्त्याचं काम ठरलं, आणि मग तोकुजी उठून उभा राहिला. आधीच दोन पेले पोटात गेलेले.

"हेसाकू, माझ्या दोरीला हात तू लावलास."

बैठक गारठली. असलं वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"तोंड आवर, तोकुजी," सेएमोन म्हणाला.

"नाही आवरत. दोन वर्षं झाली. माझ्या आयुष्यातलं शेवटचं झाड आहे ते."

हेसाकू शांत माणूस, पण तोही उठला. "तुझ्या झाडाला मी शिवलो असेन तर माझे हात झडोत. आणि माझ्या आढ्याची दोरी? ती काय माकडानं सोडली? माझी पोरं शेणात झोपली हिवाळाभर, आणि तू इथं कुंडीतल्या झाडासाठी गळा काढतोस?"

"म्हणजे सोडलीस ना? सूड म्हणून—"

"सूड तू घेतलास, कुत्र्या!"

पेला भिरकावला गेला. दोघं एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोचले. मिने मागच्या रांगेत लोणच्याची ताटली धरून उभी होती. तिला हेसाकूच्या पोरांचे थंडीनं फुटलेले गाल आठवले, आणि तिला लाज वाटली. लाज तिला फार क्वचित वाटायची, त्यामुळे ती लपवायची कशी हे तिला येत नव्हतं.

"सोडा त्याला," ती ओरडली. "तुमची दोरी मी सोडली. मागच्या वर्षीही आणि यंदाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळी बैठक पोट धरून हसायला लागली. तोकुजी हसला नाही. हेसाकूही नाही. हेसाकू तिच्यासमोर आला.

"वहिनी, दोन वर्षं तोंड शिवून बसलात? एरवी तर शिवत नाही."

"चुकलं माझं," मिने म्हणाली. आवाज मात्र भांडणाचाच निघाला.

"चुकलं म्हणून माझं छप्पर वर येतं का?" असं म्हणून हेसाकू तिच्याकडे पाठ करून बसला, आणि त्याचं बरोबरच होतं.

सेएमोननं पुन्हा चिलीम भरली. रीतभात या माणसाला लोण्यासारखी आवडायची. तो म्हणाला, "हेसाकूची दोरी उद्या परत बांधा, आणि तोकुजी, त्या दोरीकडे बघायचं पण नाही. राहिली मिनेची गोष्ट. एक धूर, एक शब्द. ज्या घराच्या चुलीतून धूर निघतो, त्या घराचा एक शब्द. एकाच घरानं एका हातानं मागायचं आणि दुसऱ्या हातानं नाकारायचं, असं चालत नाही. मिनेनं दोरी सोडली ती सोडलीच नाही असं धरा."

"मग झाड माझं?" तोकुजीनं विचारलं.

"आता पालवी फुटली, आता काढलंस तर मरेल. हेमंतात पुन्हा बांध. दुसऱ्या घरानं सोडली नाही, तर येत्या वसंतात ने."

मिनेच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं तिला झालं. "म्हणजे मी गप्प बसले असते तर माझं 'नाही' चाललं असतं? आणि खरं बोलले म्हणून चालत नाही?"

"कुणी विचारलं होतं तुला?" सेएमोन म्हणाला. "आपणहून बोललीस."

"आणि धूर वेगळा असला तर?"

पुन्हा हशा. सेएमोननंही दात काढले, पण रीत विचारली की त्याला सांगितल्याशिवाय राहवत नसे. "मग शब्द वेगळा. पण बाई, उन्हाळ्यात चूल कुणीही पेटवतं. पहिल्या बर्फापासून बर्फ वितळेपर्यंत रोज सकाळी, आपल्या हातानं पेटवलेल्या चुलीचा धूर वर गेला, तर ते घर. दुसऱ्यानं काडी लावली तर नाही. एक सकाळ चुकली तरी नाही. धाकट्या भावांची वेगळी झालेली घरं अशीच मोजली आपण."

त्या रात्री घरी जे झालं ते शेजारीपाजारी सगळ्यांनी ऐकलं.

"चाळीस वर्षं माझं मीठ खाल्लंस!"

"आणि तुमच्या मिठाची पोती नदीवरून कुणाच्या पाठीवर आली?"

"तुला काय त्या झाडाचं? कोण लागतं ते तुझं?"

"कुणी नाही. तुमचं कोण लागतं?"

"मिने, ते जगेल. या वेळी मी आधी मुळं छाटीन, माती भरीन, घाई नाही करणार—"

"प्रत्येक वेळी हेच म्हणालात. प्रत्येकाची राख मी काढलीय."

"मी रीत सोडून काही केलंय? डोंगराला विचारलं, गावाला विचारलं—"

"पाणी मी घालते, जाळतेही मीच. मला विचारलं कधी?"

तोकुजी खरोखर गोंधळला. "घरातल्या माणसाला काय विचारायचं?"

मिनेनं त्यापुढे एक शब्द काढला नाही. तिचं गप्प बसणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि तोकुजीला वाटलं, आपण जिंकलो.

ओढ्याकाठी कोळसेवाल्यांची एक रिकामी झोपडी होती, सगळ्या गावाची. मिनेनं उन्हाळ्यात तिच्या दाराला दोरी बांधली. झोपडीसाठी महिनाभर पुरे असे. कुणी सोडली नाही. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? हेमंतात, तोकुजी कावळेखांद्याला दोरी बांधून आला त्याच दिवशी, मिनेनं माहेरून आणलेली लोखंडी हंडी आणि कपड्यांची पेटी उचलली.

"कोयता कुठं नेतेस? कोयता माझ्या घरचा आहे," तोकुजी म्हणाला.

तिनं कोयता त्याच्या पायाशी टाकला. "घ्या. स्वतःची जीभ छाटा."

"आठ दिवसांत परत येशील. आमची डोंगरदेवीही तुझ्याइतकी कजाग नाही."

"तिला नवरा नाही, म्हणून."

बर्फ पडला. आमच्याकडचा बर्फ म्हणजे दोन-चार दिवसांची हौस नव्हे. तो दारं गाडतो, छपरं बसवतो, माणसाला मांजरासारखं चुलीजवळ कोंडतो. झोपडीच्या छपरावरचा बर्फ मिने स्वतः ओढून काढायची. तिचं वय साठीला टेकलेलं. हाताला भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायचं. शिधा बाजरीचा आणि मुळ्याचा. एरवी बायका एकमेकींना सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं गाडगं नेऊन देतात, पण तिच्याकडे कुणी गेलं नाही. नवऱ्याला सोडलेल्या बाईला मदत केली तर आपल्या सुनांना पाय फुटतील, असं सासवांना वाटत होतं.

झऱ्यावर टोमणे ठरलेले. "काय मिनेवहिनी, तुम्ही सासर सोडलं की सासरनं तुम्हाला?"

"झाडाला नवरा केलाय," ती म्हणायची. "घोरत नाही."

पण झोपडीत परतल्यावर ती कधीकधी रडायची, आणि तेही चिडून. आपण हे एका झाडासाठी करतोय की त्या माणसाला धडा शिकवण्यासाठी, हे तिला सांगता येत नव्हतं. झाड चांगलं होतं. पण झाडाची आठवण येऊन ती पहाटे उठत नसे. तिला उठवायची ती आठवण वेगळी होती: सगळं गाव उठल्यावर आधी ओढ्याकडे बघतं. धूर दिसतोय का.

हिवाळा अर्धा सरला असताना तिला ताप भरला. छपराला गळती लागून सरपण भिजलं होतं. सकाळ झाली तेव्हा ती पांघरुणात पडून होती आणि चूल थंड होती. काडी ओढली, भिजलेल्या लाकडानं फुसफुस केली आणि विझलं. दुसरी काडी ओढायला हात वर होईना. तिला वाटलं, जाऊ दे. एक झाड ते काय. एवढी मेली, त्यात आणखी एक.

दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. वर गावात माणसं आपापल्या दारात उभी होती. आणि गाव नि झोपडी यांच्या मधोमध, मांडीपर्यंत बर्फात, तोकुजी उभा होता. फावडं नाही, टोपी नाही. पुढे येत नव्हता आणि मागेही जात नव्हता. आला असता आणि चूल पेटवली असती, तर तिचा धूर मोडला असता. आला नसता आणि ती आत मेली असती तर, तर काय, हे बहुतेक त्यालाही कळत नव्हतं.

मिनेला मात्र यातलं काही सुचलं नाही. तिला एवढंच दिसलं की हा माणूस आपली हार बघायला झोपेतून उठून आलाय. ताप होता तरी तिच्या अंगात संतापानं बळ आलं. तिनं कपड्यांची पेटी ओढली, कपडे जमिनीवर ओतले, पेटी दगडानं फोडली आणि तिच्या कोरड्या फळ्या चुलीत घातल्या. लग्नाला बापानं दिलेली पेटी ती. धूर वर गेला. तिनं पुन्हा फटीतून पाहिलं. तोकुजी तिथंच बर्फात मटकन बसला होता, तोंड हातात धरून. "बसा," मिने पुटपुटली, "थंडी वाजेल तेव्हा उठाल." आणि पांघरुणात शिरली.

बर्फ वितळला. मिने भरदिवसा, गावाच्या मधल्या वाटेनं, कुणाकडे न बघता वर गेली. लोक मागून गेले, हेसाकूसुद्धा. त्याच्या आढ्याचं झाड दोरीसकट सुखरूप होतं आणि आता त्याचं होतं. मिनेनं कावळेखांद्यावरची गाठ सोडायला घेतली. बर्फानं गाठ आवळली होती, तिची बोटं आखडली होती, बराच वेळ लागला. कुणी पुढे झालं नाही. पुढे होऊन चालणारच नव्हतं. ती दोरी घेऊन खाली आली, देवळाच्या खांबाला अडकवली आणि सेएमोनकडे वळली.

"बोला. सोडली की नाही सोडली?"

सेएमोननं डोकं खाजवलं. रीत त्याचीच होती. "सोडली," तो म्हणाला. "ओढ्याकाठचं घर, हरकत."

तोकुजी गर्दीच्या मागे उभा होता. तिथूनच घरी गेला.

दोन दिवसांनी इमाइझुमी झाड न्यायला गाडी घेऊन आला. त्याला हकिकत कळली तेव्हा तो हसला आणि ओढ्याच्या पुलावर, मिनेच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर, तोकुजीला बाजूला घेऊन हळूच बोलला. मिने आत मुळा चिरत होती.

"दादा, हा कसला पोरखेळ? गाडी इथं आहे, माणसं आहेत. पहाटे काढू. गाव उठेपर्यंत आपण घाटाखाली. कोण विचारतंय?"

"कोण विचारतंय म्हणजे?" तोकुजीचा आवाज चढला. "मी विचारलं! आणि नाही म्हणून उत्तर आलं! ऐकू येत नाही तुला? चोर समजलास मला? चल, उचल तुझी गाडी!"

"पण दादा, पाटी, तुमचं नाव—"

"नावाला घाल चुलीत!"

गाडी गेली. तिचा आवाज घाटात विरेपर्यंत तोकुजी पुलावरच होता. मग त्याची लंगडी पावलं झोपडीच्या दिशेनं आली आणि दाराबाहेर थांबली. मिनेनं विळी बाजूला ठेवली. चाळीस वर्षं हा माणूस दार सरकवून आत येत आला होता, चिखलाच्या पायांनी, पाहुणे घेऊन, पाठीवर अर्धमेली झाडं घेऊन. ती वाट बघत बसली. दार सरकलं नाही.

"मिने," बाहेरून आवाज आला. घसा साफ केल्याचा आवाज. "आत येऊ का?"

त्याचा गुडघा बर्फात बसून आणखी बिघडला असणार, हे मिनेला पावलांवरून कळलं होतं. चुलीवर बाजरीचा भात होता, आणि तो दोघांना पुरला असता. तिला त्याची दया आली. खोटं कशाला सांगायचं, चांगलीच आली. पण 'हो' म्हणण्याइतकी आली नाही.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि आला तसा गेला. दार त्यानं उघडलंच नव्हतं, त्यामुळे लावायचाही प्रश्न आला नाही.